मुळ्याला पाणी कोणी घातलं?

पाठीवर दप्तर लावलेली एक चिमुरडी. तिच्या हातात पाण्याचा पेला. कुठेतरी एक मुळा सुकत चाललाय, त्याला ते पाणी नेऊन घालायचं. झाली गोष्ट! जेमतेम पाच मिनिटांची. आणि ही गोष्ट १९८१ च्या ऑगस्टमध्ये, जपानातल्या ओसाका शहरात, सुमारे दीड हजार धडधाकट, शिकल्यासवरल्या माणसांनी सभागृहात बसून पाहिली. बरं, पाहिली तर पाहिली, गुपचूप घरी जावं ना! तर नाही. डोक्यावर घेतली. चाळीसहून जास्त वर्षं झाली, अजून त्या मुळ्याबद्दल पुस्तकं निघतायत, चित्रकथा निघतायत, टीव्हीवर मालिका होतायत, आणि त्या वेळची मंडळी एकमेकांच्या आठवणी खोडून काढतायत.

तुम्ही म्हणाल, परक्यांच्या मुळ्याशी आपल्याला काय करायचंय? करायचंय, करायचंय. तुमच्या घरातला तो गुणी मुलगा, पाहुण्यांसमोर ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तो डोक्यावर केशरी विग चढवून आणि पाठीला पुठ्ठ्याची तलवार बांधून भर रविवारी लोकलमध्ये चढतो, तेव्हा सोसायटीत कुजबुज होतेच. ‘ॲनिमे’ म्हणतात त्याला, ‘कन्व्हेन्शन’ला गेलाय, असं त्याची आई ओशाळून सांगते. हे वेड आलं कुठून, म्हणून मी जरा खणायला गेले, तर हाती आला हा मुळा. आणि त्याला लगडलेली जी भानगड वर आली ती ऐकाच. पदर खोचून बसा.

तर जपानात विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं एक वार्षिक संमेलन असतं. १९६२ पासून भरतंय. घाट अगदी आपल्या साहित्य संमेलनाचा: दरवर्षी गाव वेगळं, यजमान वेगळे, यजमानपदासाठी आधी खटपटी आणि नंतर उखाळ्यापाखाळ्या. फक्त तिथे सूत्रं कुठल्या महामंडळाच्या हाती नसतात, वाचकांच्याच हाती असतात. आणि त्यांची हौस अशी की प्रत्येक संमेलनाला गावावरून टोपणनाव द्यायचं. तोक्योचं ते तोकॉन. ओसाकाच्या नावातलं पहिलं अक्षर ‘दाइ’ असंही वाचता येतं, म्हणून तिथलं ते दाइकॉन. आता जपानीत दाइकॉन म्हणजे मुळा! दुसऱ्या कोणी शरमेने नाव बदललं असतं. ओसाकाकरांनी मुळाच मिरवायला काढला. १९८१ चं त्यांचं तिसरं संमेलन, म्हणून दाइकॉन ३.

आता भरवणारे कोण, ते ऐका. एक तोशिओ ओकादा. घरचा भरतकामाचा धंदा, बापाने कॉलेजात घातलेला, पदवीचा पत्ता नाही. दुसरा यासुहिरो ताकेदा. हा शिकत काय होता म्हणता? अणुअभियांत्रिकी! किन्की विद्यापीठात! आईबापांनी काय काय स्वप्नं पाहिली असतील, मुलगा अणुभट्टी सांभाळणार म्हणून. मुलगा सांभाळत होता विज्ञानकथा मंडळाच्या बैठका. आजच्या भाषेत एटीकेटीवर एटीकेटी. दोघंही विशीतले, दोघंही बोलण्यात पटाईत, आणि दुसऱ्यांची संमेलनं पाहून आल्यावर दोघांचं एकच मत: छे, यांना जमत नाही, आपण दाखवू. असं म्हणणारे आपल्याकडे प्रत्येक कट्ट्यावर डझनभर सापडतील. या दोघांचा गुन्हा एवढाच की त्यांनी खरंच करून दाखवलं.

संमेलनाच्या सुरुवातीला काहीतरी दणदणीत हवं, तर म्हणे आपण चलच्चित्र काढू. कोणाला येतं? कोणालाच नाही. मग शोध सुरू झाला, आणि ओसाका कला विद्यापीठातली तीन पोरं गवसली: हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई. हा आन्नो म्हणजे तर विचारू नका. अंघोळीचा कंटाळा हा त्याचा लौकिक अख्ख्या जपानात पसरलेला. फी भरायची नाही म्हणून विद्यापीठाने पुढे नाव काढून टाकलं ते याचंच. पण हातात पेन्सिल आली की संपलं. सांगतात असं की पहिल्या भेटीत, कॉफीच्या दुकानात बसल्या बसल्या, गप्पांत भाग न घेता यानं चिलखत घातलेला सैनिक चालतानाची चित्रं एकामागून एक काढून दाखवली आणि समोरचे दोघे गार झाले. आन्नोने यंत्रं नि धडाके काढायचे, आकाईने ती चिमुरडी, बाकीचं यामागाने, अशी साधारण वाटणी. पगार? अहो, पगार कसला! घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.

आता या भाकऱ्या कशा भाजल्या तेही कळू द्या. चलच्चित्रासाठी त्या काळी पारदर्शक ताव लागत, सेल म्हणतात त्यांना. प्रत्येक हालचालीला वेगळा ताव, म्हणजे पाच मिनिटांना हजारो. खरे सेल या पोरांच्या खिशाला परवडेनात. मग गेले घाऊक बाजारात आणि कारखान्याच्या वापराचं प्लॅस्टिक, भल्या मोठ्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या, उचलून आणलं. घरी बसून कापलं. त्यावर रंग चढेना. चढला तर टिकेना, पोपडे निघायचे. तावावर ताव ठेवला की चिकटून बसायचा. शिवाय सगळे ताव एका जागी नेमके बसावेत म्हणून भोकं पाडावी लागतात, ती हातानेच पाडली. ओकादाच्या घराचा कारखाना झाला. आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने, म्हणजे लोक लग्नमुंजीचं चित्रण करायचे त्या कॅमेऱ्याने, एकेक ताव टिपला. परीक्षा तोंडावर आलेली पोरं रात्र रात्र जागून मुळ्याला रंग देतायत! आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर आजीने दृष्ट काढली असती.

आणि चित्रात दाखवलं काय? चिमुरडी पेला घेऊन निघते. वाटेत कोण कोण आडवं येतं! अल्ट्रामॅनच्या मालिकेतल्या पथकाने तिला पेला दिलेला. चिलखती सैनिक तिच्याशी झुंजतो. गॉडझिला तिच्या मागे लागतो. अमेरिकी सिनेमातली अंतराळयानं तिच्यापुढे कापरासारखी भडकतात. तिच्या दप्तरातून क्षेपणास्त्रं सुटतात आणि दप्तराच्याच जोरावर ती आकाशात उडते. शेवटी पाणी पडतं, मुळा तरारतो आणि त्याचंच अंतराळयान होतं, बाई त्याची कप्तान. आता यातलं कुठलं पात्र यांच्या मालकीचं होतं? ती चिमुरडी आणि मुळा सोडला तर काही नाही. मालकांना विचारलं? छे! उचललं आणि वापरलं. शेजारच्या झाडाची कैरी म्हणावी, तर इथे अख्खी आमराईच झोडपली.

पण खरी गंमत पुढे आहे. ओसामू तेझुका. जपानी चित्रकथेतलं सगळ्यात थोरलं नाव, त्या पिढीचं आराध्यदैवतच. त्यांनी हे चलच्चित्र पाहिलं. पोरं पायाशी कान देऊन उभी. तेझुकांनी अगदी गोड आवाजात अभिप्राय दिला, त्याचा आशय असा की वा, किती पात्रं होती यात, काही नव्हतीही. शालजोडीतला! पोरांची ट्यूब जरा उशिरा पेटली. सगळ्या जगाची पात्रं घातली आणि ज्यांच्या पायाशी उभे आहोत त्यांचंच एक पात्र घालायला विसरलो! पुढच्या खेपेला त्यांनी तेझुकांची पात्रं आठवणीने घातली, हे सांगायला नकोच. म्हणजे बघा, परवानगी न घेता पात्रं उचलली याबद्दल थोरल्यांची तक्रारच नाही. तक्रार ही की आमची का नाही उचललीत.

संमेलन झालं. हिशेब मांडला तर खड्डा. हौशी संमेलनांचा तो धर्मच आहे. पण मुळ्याच्या फिती मागणारे इतके निघाले की त्या विकून खड्डा भरला आणि वर चार पैसे उरले. आता चार पैसे उरल्यावर शहाणा माणूस परीक्षेला बसतो. यांनी आणखी सिनेमे काढले. एका विनोदी सिनेमात ताकेदा स्वतःच नोतेन्की नावाचा मुखवटेवाला नायक झाला, म्हणजे बिनकामाचा बेफिकीर. ते नाव त्याला असं चिकटलं की पुढे त्याने आत्मचरित्रालाही तेच दिलं. आन्नो अल्ट्रामॅन झाला, आणि कसा? मुखवटा नाही, काही नाही, स्वतःचा चेहरा, स्वतःचा चष्मा, आणि गंभीर चेहऱ्याने राक्षसाशी हाणामारी. १९८२ मध्ये त्यांनी देशभक्त पाच वीरांचं एक विडंबन काढलं, त्यात लाल अस्वलाच्या टोळीतले लोक जपानी मुलांची पाठ्यपुस्तकं बदलून त्यांची डोकी फिरवायला निघतात. ते तोक्योच्या संमेलनात दाखवलं आणि गहजब झाला. काही म्हणाले थट्टा आहे, काही म्हणाले उजव्यांचा प्रचार आहे. थट्टा कळली नाही की संमेलन कसं पेटतं, हे मराठी वाचकाला मी काय सांगावं!

त्याच वर्षी ओकादाने ओसाकात दुकानच थाटलं. जनरल प्रॉडक्ट्स. विकायचं काय? विज्ञानकथांच्या भक्तांना लागणारा माल: राक्षसांच्या नि यानांच्या प्रतिकृती, स्वतःच जोडायचे, रंगवायचे संच. या दुकानानेच पुढे घरगुती प्रतिकृती विकणाऱ्या हौशींचा मेळा सुरू केला, वंडर फेस्टिव्हल. तो १९९२ पासून दुसऱ्या कंपनीच्या हाती आहे, पण अजून भरतो. आणि मेळ्यात पद्धत कोणती रुळली म्हणाल? पात्राच्या मालकाने हौशी माणसाला फक्त त्या एका दिवसापुरती विक्रीची परवानगी द्यायची. कालपर्यंत ज्यांनी कोणालाच विचारलं नाही, त्यांच्याच अंगणात परवान्याचं रोप लावलं गेलं. याला म्हणतात सौ चूहे खाके, पण हिंदी म्हण कशाला, तुम्हांला कळलं.

१९८३ ला ओसाकाची पुन्हा पाळी, दाइकॉन ४. आता मधल्या काळात काही पोरं तोक्योला जाऊन खऱ्या चलच्चित्रांच्या कारखान्यात हात मारून आली होती, ‘मॅक्रॉस’ मालिकेच्या कामावर. नवे गडी आले, त्यात योशियुकी सादामोतो. कॅमेरा आठवरून सोळा मिलिमीटरवर गेला. आणि ती चिमुरडी? बाई गं! मोठी झाली आणि सशाचे कान लावून, क्लबातल्या वाढपिणीचा असतो तसला पोशाख घालून आली. तलवारीवर उभी राहून आकाशातून झेपावते, डार्थ व्हेडरशी लढते, आणि पार्श्वभूमीला इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या विलायती मंडळींचं ‘ट्वायलाइट’ हे गाणं. अर्थातच न विचारता. एका क्षणात भयंकर स्फोट, सगळं उद्ध्वस्त, आणि त्यातून चेरीच्या पाकळ्यांचं वादळ उठून सृष्टी पुन्हा हिरवी. मी पाहिलं तेव्हा पोशाखाला नावं ठेवायला बसले होते, आणि पाकळ्या सुरू झाल्यावर विसरले. त्या पोरांचा हात खरोखर तयार झाला होता. हे त्यांना श्रेय दिलंच पाहिजे, पोशाखाचं वेगळं.

न विचारता घेतलेल्या मालाची शिक्षा अशी की हे चलच्चित्र राजरोस बाजारात आणणं कायमचं अवघड होऊन बसलं. आणि तरी पाहायचं त्याने पाहिलंच. २००५ मध्ये जपानी टीव्हीवर ‘देन्शा ओतोको’ नावाची, एका लाजऱ्या ॲनिमेवेड्याच्या प्रेमाची मालिका आली, तिच्या सुरुवातीला हेच गाणं आणि याच सशावालीची आठवण. चोरीची वस्तू वारसा झाली ती अशी.

आता मुद्द्यावर येते. ही सगळी हकीकत आपल्यापर्यंत आली कशी? सरकारी दप्तरात नोंद नाही, वर्तमानपत्रांना पत्ता नव्हता. त्या मंडळींनी स्वतःच सांगितली. आणि सांगताना लाज अशी धरलीच नाही. ताकेदाने २००२ मध्ये ‘नोतेन्की’ आठवणी छापल्या, त्यात कोण कोणाच्या घरी झोपायचं, कोणाला नापास केलं, पैसे कुठून आणले, सगळं. ओकादाने स्वतःला वेड्यांचा राजा म्हणवून घेत व्याख्यानांत आपली बाजू मांडली. १९९१ मध्ये या मंडळींनी पुढे काढलेल्या कंपनीने ‘ओताकू नो व्हिडिओ’ काढला: निम्मी कहाणी चलच्चित्रात, निम्म्या खोट्या मुलाखती, चेहरे झाकलेल्या ‘वेड्यां’च्या. म्हणजे स्वतःचीच बदनामी स्वतःच, विक्रीला. आन्नोच्या बायकोने, मोयोको आन्नो या स्वतः नावाजलेल्या चित्रकथाकार, नवऱ्याच्या संसारातल्या तऱ्हांवर चित्रकथाच छापली. आमच्याकडे एवढं बाहेर पडलं असतं तर दोन्हीकडचे वडीलधारे बैठकीला बसले असते.

त्यातून काझुहिको शिमामोतो. हा त्याच कला विद्यापीठात, आन्नोच्याच वेळेला शिकलेला. पुढे चित्रकथाकार झाला आणि २००७ पासून ‘आओई होनो’ नावाच्या मालिकेत ते दिवस काढू लागला. नायक म्हणजे तो स्वतःच, नाव तेवढं बदललेलं, आणि त्याचा सगळा जळफळाट: वर्गात समोर आन्नो बसलाय, चित्रं काढतोय, आणि आपण कुठेच नाही. ही कल्पित कथा आहे अशी सूचना ठळक, आणि आन्नो, यामागा, आकाई यांची नावं मात्र खरी. २०१४ मध्ये त्यावर टीव्ही मालिका झाली. तीत ओसामू तेझुकांच्या भूमिकेत कोणाला उभं केलं? ओकादाला! ज्याने तो शालजोडीतला खाल्ला, त्यालाच तो मारणाऱ्याच्या वेशात. याहून खमंग मला काही सांगता येणार नाही.

पण इथेच मला जरा खटकतं. जो लिहितो तो नायक होतो. ताकेदाने लिहिलं, ताकेदा दिसतो. बोलका ओकादा, म्हणून ओकादा दिसतो. त्या चिकट प्लॅस्टिकवर पोपडे निघणारा रंग पुन्हा पुन्हा भरणारी पोरंपोरी, दारावर पासांचं काम बघणारी, शेवटच्या रात्री खुर्च्या उचलणारी, ती कुठेत? श्रेयनामावलीतल्या बारीक अक्षरात. आणि आरंभाच्या गोष्टींवर किती विसंबायचं, त्याचाही एक मासला देते. १९७८ मध्ये हाकोने भागात झालेल्या विज्ञानकथा संमेलनात मारी कोतानी, पुढे नामवंत समीक्षक झाल्या त्या, वेशभूषा करून गेल्या. वेश होता एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावरचा. पाहणाऱ्यांना वाटलं, तेझुकांचा समुद्रकुमार ट्रायटन! आणि जपानात पात्राचा वेश घालून मिरवण्याच्या आरंभकथांमध्ये ही ट्रायटनची गोष्ट जाऊन बसली. बाईंनी स्वतः खुलासा केला म्हणून कळलं. त्या गप्प राहिल्या असत्या तर आरंभच चुकीच्या माणसाच्या नावावर लागला असता.

तिकडे तोक्योत एक घर फुटलं होतं, तेही सांगून टाकते. १९७५ मध्ये तिथल्या चित्रकथा संमेलनावर एका व्यक्तीने टीका केली, म्हणून तिला प्रवेश नाकारला. झालं! योशिहिरो योनेझावा आणि त्याच्या मंडळातल्या मित्रांनी वेगळी चूल मांडली. २१ डिसेंबर १९७५, तोरानोमोन भागातलं एक सभागृह, ३२ मंडळं, सुमारे ७०० माणसं. आणि माणसं म्हणजे कोण? बहुतेक शाळाकॉलेजातल्या मुली! मुलींसाठीच्या चित्रकथा वाचणाऱ्या, स्वतः लिहून, छापून, विकायला आणणाऱ्या. हा सगळा बाप्यांचा पोरकटपणा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. या कॉमिक मार्केटचा नियम असा की इथे गिऱ्हाईक कोणी नाही. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सगळेच सहभागी. २०१९ च्या हिवाळ्यात चार दिवसांत मिळून साडेसात लाखांची हजेरी लागली. एका व्यक्तीला दाराबाहेर ठेवलं त्याचं हे फळ.

आणि वेड बोटीत बसून अमेरिकेला कसं गेलं? १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रेड पॅटन नावाचे गृहस्थ आणि त्यांच्या मित्रांनी जपानी चलच्चित्रं पाहण्याचं मंडळ काढलं. घरगुती व्हिडिओ नुकताच आलेला. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एकच, म्हणून तिकडची टेप इकडे बिनबोभाट चालायची. आपण त्या योगाला मुकलो, आपली पद्धत वेगळी. जपानी कळत नव्हतं, तरी पाहायचे. एकजण उभा राहून अंदाजाने गोष्ट सांगायचा. टेपची नक्कल, नकलेची नक्कल, चित्र धुक्यात गेलं तरी पाहणं चालूच. मग १९९० पासून डॅलसला संमेलन, १९९१ ला सॅन होजेला. सॅन होजेच्या त्या संमेलनामागे हात कोणाचा? मुळावाल्यांचाच! १९८४ च्या डिसेंबरात त्यांनी गाइनॅक्स नावाची कंपनी काढली होती, तिने पाठबळ दिलं. १९९४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात काही विद्यार्थ्यांनी एका साध्या हॉटेलात ओटाकॉन भरवलं, साडेतीनशे माणसं. आता वॉशिंग्टनला भरतं, चाळीस हजारांच्या पुढे जातं, आणि धक्कादायक गोष्ट ही की चालवणारे अजून बिनपगारी! रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने येऊन, लोकांना रांगेत उभं करतात. अमेरिकेत, जिथे म्हणे मिनिटाचा हिशेब होतो!

पैसा आल्यावर काय झालं, तेही झाकून ठेवत नाही. बांदाई कंपनीने या मुळावाल्यांवर ८० कोटी येनचा जुगार लावला, त्यातून १९८७ चा ‘रॉयल स्पेस फोर्स’ निघाला. यामागाचं दिग्दर्शन, वय पंचविशीत. १९९५ मध्ये आन्नोची ‘इव्हॅन्जेलियन’ आली आणि पैशाचा पाऊस पडला. १९९९ मध्ये करचुकवेगिरीत गाइनॅक्सचा अध्यक्षच गजाआड. आन्नो बाहेर पडला, वेगळी कंपनी काढली, आणि २०१६ मध्ये थकलेल्या पैशासाठी जुन्या घरावर दावा लावला. २०२४ मध्ये गाइनॅक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. पोपडे निघणाऱ्या प्लॅस्टिकवर एकत्र राबले तोवर एक होते. मी यावर काही बोलत नाही, तुम्हीच काय ते समजा.

आणि आपण? आपल्याला वाटतं आपला याच्याशी संबंध कालपरवाचा. ज्या मोगलीसाठी १९९३ मध्ये रविवारी सकाळी अख्खा महाराष्ट्र दूरदर्शनपुढे बसायचा, तो जपान्यांनी काढलेला, निप्पॉन ॲनिमेशनचा, १९८९ चा. म्हणजे वहिनी, पहिलं ॲनिमे तुम्हीच पाहिलंत, पोळ्या लाटता लाटता. पोराला कशाला बोलता? २०१९ मध्ये मकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून चाहत्यांनी हजारोंच्या सह्यांचा अर्ज केला, आणि तो लागला, दिग्दर्शक स्वतः आले. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’साठी मुंबईत पहाटेचे खेळ लावावे लागले. ज्या मुलांना काकड आरतीला उठवता येत नाही, ती पाचला थिएटरच्या दारात!

मला एकच रुखरुख आहे. आपल्याकडची मोठाली कॉमिक कॉन कंपन्या भरवतात. आधी प्रायोजक येतो, मग मांडव, आणि शेवटी हौशी माणूस तिकीट काढून आत. त्यात चूक नाही, पण तिथे मुळा उगवत नाही. तो उगवतो पुण्यामुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या कॉलेजांतल्या त्या वर्गात, जिथे सात-आठ जण प्रोजेक्टर उधार आणून पडदा म्हणून चादर लावतात. तिथे आत्ता जे चाललंय त्याची नोंद कोणी ठेवत नाही. सगळं फोनवर, आणि फोन दोन वर्षांनी बदलतो.

म्हणून माझं त्या पोरांना सांगणं आहे, आणि त्यांच्या आईबापांनाही. वेड लागलंच आहे तर त्याची वही घाला. पहिल्या बैठकीला कोण कोण होतं, चादर कोणाची, प्रोजेक्टर कोणाचा, विग कोणत्या गल्लीतून आणला, तारीख घालून लिहा. फोटो छापून घ्या आणि मागे नावं टाका. बोलक्यांचीच नकोत; खुर्च्या लावणाऱ्यांची आधी. पावत्या जपा. आणि वर्गणी बुडवून कोण पळालं, तेही अगदी आठवणीने लिहून ठेवा.